आप्पा, मला यायची गरज नव्हती म्हणे

आप्पा, तुझ्या बसूचा फोन आला तेव्हा मी रानात होतो, तुरीच्या कडेला. "किसनकाका, आप्पा गेले," एवढं बोलला. मग जरा थांबून म्हणला, "तुम्ही यायची गरज नाही. एवढ्या लांब दगदग नको. आम्ही करतो सगळं." पोरगं रडत होतं. माझ्या काळजीनंच बोललं, ते मला कळतंय. पण खरं सांगतो, तू गेलास हे आत उतरायला लई वेळ लागला. यायची गरज नाही, हे मात्र तिथंच उभ्या उभ्या लागलं.

आपल्याकडं लग्नाला बोलावल्याबिगर जायचं नाही आणि मातीला बोलावण्याची वाट बघायची नाही. खबर कानावर पडली की माणूस हातातलं टाकून निघतो. बांधावरून डोकी फुटलेले भाऊ असले तरी निघतात, येतात, लांब लिंबाखाली बसतात, पण येतात. आणि मला तुझ्या पोरानं सुट्टी दिली. तुझ्या मातीची सुट्टी.

बसू मराठीत बोलला, पण वाक्य तिकडचं होतं. यू डोन्ट हॅव टू कम. तूच शिकवलेलं, म्हणून ओळखलं.

चौथीतून उठलेल्या माणसाला इंग्रजी शिकवायचं खूळ तुझंच. तसं तुलाही कुठं येत होतं. केजच्या स्टँडामागं तुझं किराणा दुकान, बाजारच्या दिवशी माझ्या पिशव्या तुझ्या ओट्यावर, आणि आपण दोघं त्या पिशव्यांच्या शेजारी. तू लिंगायत वाणी, मी शेतकरी. ना सोयरीक, ना भावकी, ना बांधाला बांध. दोस्ती कधी लागली हे दोघांनाही सांगता यायचं नाही. मग तू न्हाणीत घसरून पडलास, खुबा मोडला, आणि बसू म्हणला, आता बंगळूरला चला, एकटं ठेवणार नाही. सून केरळची, अनु. घरात बोलणं सगळं इंग्रजीत. दुकानाला कुलूप लावायच्या आधी तू स्टँडावरनं ते इंग्रजी बोलायला शिका नावाचं पिवळं पुस्तक आणलंस आणि माझ्यावर घोकायला लागलास.

"किसन्या, तू सून हो," म्हणलास.

"मी?"

"मग काय ह्या साखरेच्या पोत्याला करू?"

मी गल्ल्यामागं बसलो, डोक्यावर टॉवेल घेतला आणि तू सांगितलं तसं म्हणलो, "यू मस्ट टेक टॅबलेट." तू काठी टेकवून, मान खाली घालून, "येस, येस." तेल घ्यायला आलेली एक बाई दारात उभी राहून बघत होती. ती म्हणली, "सून लई कडक दिसती आप्पा. मिशा बी हायती." तू इतका हसलास की खुब्याला कळ आली.

पुस्तकातली निम्मी वाक्यं असलीच होती. हे कर, ते करायला पाहिजे, हे करावं लागेल, ते करायचं नसतं. मी वैतागलो. "एकाच गोष्टीला इतके शब्द कावून लागतात बे ह्या लोकांना? आपल्यात करावं लागतं म्हणलं की झालं."

"झालं? करावं लागतं, करायला पाहिजे, केलंच पाहिजे, करणं भाग हाय, करायचं असतं. आपलं कमी हाय का? तुला जन्मापासनं ऐकून दिसंना, एवढंच."

मी काही हार मानली नाही. मी कधी मानली? मग तू मला दुकानातल्या मालासारखे ते शब्द एकेक वेगळे करून दाखवलेस. मस्ट म्हणजे फौजदार. समोर उभा, काठी हातात, कुणालाही दिसतो. शुड म्हणजे शेजारचा शहाणा, कट्ट्यावर बसून सांगणार, ऐकलं तर ऐकलं. सपोज्ड टू म्हणजे चार लोकांची रीत, कुणी सांगत नाही पण सगळे धरून चालतात. आणि हॅव टू म्हणजे जू. "घालणारा दिसत न्हाई, पण मान वाकलेली असते," म्हणलास.

"आन् डोन्ट हॅव टू?"

"जू काढलं. बैल मोकळा. सुखी."

"जू काढलेला बैल कुठं जातो, ठाव हाय का तुला?" मी म्हणलो. "बाजारात. तू वाणी, तुला काय कळतंय."

तू पुस्तक मिटून पिवळ्या पानावरनं हात फिरवत बसलास. तिथनं आपला वाद सुरू झाला आणि तो मिटला नाही, आप्पा. आता मिटायचाही नाही. एका बाजूचाच राहिला.

बंगळूरला गेल्यावर तू दर बाजारी फोन करायचास. मी तुझ्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसून घ्यायचो, सवय म्हणून. तू तिकडची वाक्यं सांगायचास, पोर शाळेतनं येऊन सांगतं तसा. जेवल्यावर ताट धुवायला उठलो तर सून म्हणली यू डोन्ट हॅव टू. दूध आणायला निघालो तर यू डोन्ट हॅव टू. कोथिंबीर निवडायला घेतली, तर हातातनं जुडी काढून घेतली, हसून. गोड बोलते रे, म्हणायचास. एकदा एकटा खाली उतरलास तर फाटकावरच्या गड्यानं सांगितलं, यू आर नॉट सपोज्ड टू. त्याचं तुला बरं वाटलं. "तेवढा एक जण रागावतो मला," म्हणलास.

त्या दिवशी फोन ठेवला आणि मला वहिनी आठवल्या. तुझ्या घरी मी कधी नुसता चहा पिऊन उठलोय का? उठायला लागलो की वहिनी दारात आडव्या. "जेवल्याबिगर पाय उचलायचा न्हाई भाऊजी." पोट भरलंय म्हणलं तर, "ते तुमचं पोट. आमच्या घरी तुमचं पोट आमी सांगू तसं." दुसरी भाकरी नको म्हणून हात आडवा धरला तर हातावर वाढायच्या. आपल्याकडं जीव लावणारं माणूस असंच बोलतं. खावंच लागेल, यावंच लागेल, राहावंच लागेल. सक्ती केली नाही तर आपण म्हणतो, मनापासनं बोलावलं नाही. आणि तुझी सून, जिचं मन चांगलं, ती तुझ्यावरची एकेक सक्ती काढून घेत होती. तिच्या बोलीत माया अशीच करत असतील. ती माया तुला कळायची. मला ती तुझ्या अंगावरनं एकेक कापड काढून घेतल्यासारखी वाटायची.

मग तो फोन. तू म्हणलास, "आज मी तिला सांगितलं. आय हॅव टू गो होम."

"शाबास. मग?"

"ती म्हणली, व्हाय?"

"आन्?"

"काय सांगू किसन्या. दुकानाला कुलूप. घरात कुणी न्हाई. कारण विचारलं तर कारण सापडंना. मग ती म्हणली, यू डोन्ट हॅव टू, पप्पा. धिस इज युवर होम."

"तुला जावं वाटतंय हे कारण न्हाई का?"

"ते हॅव टू होत न्हाई बे. ते नुसतं वाटणं झालं."

"मग मी सांगतो. मस्ट. तुला यायलाच लागतंय. मी जीप घेऊन लातूरच्या स्टेशनावर उभा राहतो. माझ्या ओसरीवर खाट टाकतो. खुबा दुखला तर मी उचलून नेतो."

तू हसलास. "तू उचलणार? तुलाच दोघं लागतात उठवायला." आणि मग, "चांगली पोरगी हाय रे ती. तिचं मन कसं मोडायचं."

"मी कुठं वाईट म्हणलो? मी ये म्हणतोय."

"बघू."

त्यानंतर दर फोनला मी ये म्हणलो आणि तू बघू म्हणलास. तुला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, हेच तर वाईट. बांधलं असतं तर दावं तोडून आला असतास. मोकळं सोडलेल्याला पळता येत नाही.

असो. बसूचा फोन झाला आणि मी घरी येऊन पिशवी भरायला लागलो. माझा थोरला म्हणला, "तात्या, बसू नको म्हणला ना? मग कशाला? आपल्याला त्यांचं सुतक बी न्हाई." मी म्हणलो, "मला परवानगी विचारायची सवय न्हाई." सुनेनं भाकरी बांधून दिल्या, शेंगदाण्याची चटणी दिली. जीपनं निघालो. लातूरच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत होतो तेव्हा बसूचा दुसरा फोन, माती आजच दुपारी करतोय, ठेवता येत नाही, काका, तुम्ही परत फिरा. परत फिरणं मला कधी जमलंय? मातीला पोचणार नव्हतो, हे तिथंच कळलं. तरी गाडीत बसलो. सगळी वाट खिडकीतनं बघत होतो आणि एकही गाव दिसलं नाही.

दार अनुनं उघडलं. मी तिला फोटोतच बघितली होती. बारीक पोरगी, डोळे सुजलेले. मी नाव सांगितलं, ती "किसन अंकल" म्हणली आणि पाया पडली, तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. आत बसू भिंतीला टेकून बसलेला. शेजाऱ्यांनी आणलेली पांढरी फुलं टेबलावर. बसू म्हणला, लोक चांगले आहेत काका, सगळे येऊन गेले, काही लागलं तर सांगा म्हणले.

मी विचारलं, "जेवलास का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"कालपासनं?"

आप्पा, त्या इमारतीत माणसांची एवढी दारं. त्यातल्या कुणी एक ताट आणलं नव्हतं. काही लागलं तर सांगा म्हणे. ज्याचा बाप गेला तो दार वाजवून मला भाकर लागते म्हणून सांगणार आहे का? आपल्याकडं मातीवरनं आलेल्या घरची चूल पेटत नाही आणि त्या घरच्यांना कुणी विचारतही नाही. बाहेरचं माणूस भाकरी आणतं, समोर बसतं आणि बळंच पहिला घास तोंडात घालतं. कडू घास. तुमच्यात सुतक मानत नाहीत हे तू मला कितीदा सांगितलंस, पण वहिनी गेल्या तेव्हा आमच्या घरनं पिठलं आलं होतं, आणि तू नको नको म्हणत होतास, आणि मी तुझा जबडा धरून चारलं होतं. तू खाल्लास. खाल्लास म्हणून उठलास.

मी पिशवी सोडली. भाकरी वाळल्या होत्या. एक मोडली, चटणी लावली, बसूच्या तोंडाशी नेली. "खा." त्यानं माझ्याकडं बघितलं, तोंड उघडलं, आणि घास तोंडात असतानाच लेकरासारखा ओरडून रडला. बरं झालं. ते यायलाच पाहिजे होतं.

मग अनुकडं वळलो. ती मान हलवत म्हणली, "आय कान्ट."

मी म्हणलो, "यू मस्ट."

तिनं खाल्लं. चटणीनं डोळ्यात पाणी आलं का आधीचंच होतं, मला कळलं नाही. थोड्या वेळानं ती बसूला काही बोलली. बसू माझ्याकडं न बघता म्हणला, "ती विचारतेय, आप्पांना गावी पाठवायला पाहिजे होतं का."

मला उत्तर ठाव होतं. तुलाही ठाव आहे. जिभेवर आलं होतं. ती पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती, फौजदारापुढं उभं राहिल्यासारखी. मी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि तिच्या हातावर ठेवला. तिला वाईट वाटू नये म्हणून तू बघू बघू करत राहिलास, मग मी कसा बोलू? तुझ्यासाठी गप बसलो. नाहीतर मी गप बसणारा माणूस आहे का?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तुझ्याकडं नेलं. शहराच्या कडेला, भिंतीच्या आत. तुमच्यात माणसाला बसवून मातीत ठेवतात, त्यामुळं मला उगाच वाटत राहिलं की तू आत बसला असशील, ओट्यावर बसायचास तसा, एक गुडघा वर घेऊन. वरची माती तांबडी. आपली काळी. मी मूठ भरली आणि टाकली. पण माती द्यायची असते खड्डा उघडा असताना, माणूस दिसत असताना. वरनं टाकलेली मूठ म्हणजे नुसती मूठ. ती तुझ्यापर्यंत गेली नाही हे मला कळत होतं. तरी टाकली. बसू म्हणला, "काका, चला." मी चाललो.

तुला काय काय सांगायचं राहिलं ते आता इथं मांडत बसत नाही. एकच सांगतो. मी मायेचा मस्ट तुला फोनवरनं देत राहिलो. येऊन दंड धरून उठवायला मी नव्हतो. आणि आला असतास तरी तू गेलाच असतास, हे पण मला कळतं. पण माझ्या ओसरीवरनं गेला असतास.

घरी आलो. दार उघडंच होतं, चूल पेटलेली, कुकर शिट्ट्या मारत होता. कुणाचं चुकलं म्हणू? बापासाठी दिवस आहेत, भावासाठी आहेत, चुलत चुलत्यासाठी सुद्धा आहेत, ज्याचं तोंड आपण कधी बघितलं नाही अशा भावकीच्या माणसासाठी डोकं भादरावं लागतं. दोस्तासाठी काही नाही. एक दिवस नाही, एक वेळचं जेवण नाही. आपल्याला कधी कुणी भेटायला लावलं नाही, म्हणून आता मला कुणी रडायलाही लावत नाही. इंग्रजीतही त्याला शब्द नसेल. असता तर तू सांगितला असतास. बाजारी ओळखीचा एक जण भेटला. "आप्पा गेला म्हणं? लई साधा माणूस," म्हणला, आणि पुढच्याच वाक्याला, "तुमच्याकडं पाऊस कसा हाय?" मी म्हणलो, हाय बरा.

मी काही मागणार नाही. मला ते येत नाही. पण दोन दिवस दारात पाऊल वाजलं की मान वर व्हायची. वाटायचं, कुणीतरी झाकलेलं ताट घेऊन येईल, समोर बसेल, म्हणेल, तात्या, खावंच लागेल. कुणी आलं नाही. कावून येतील? माझ्या घरातलं कोण गेलंय?

आणि काल कोमलची सुपारी फुटली. माझ्या नातीची. पाहुणे कडा गावचे, बरी माणसं आहेत, पोरगा नोकरीला आहे. तारीख आधीच ठरली होती. थोरला दबकत म्हणला, "तात्या, पुढं ढकलावं का?" पण त्याला काय सांगणार, कशासाठी ढकलायचं? पाहुण्यांना काय सांगायचं? घरातलं मोठं माणूस मीच. मी फेटा बांधला, दारात उभा राहिलो, या या म्हणलो. कोमल हिरव्या साडीत लई मोठी दिसत होती. मी हसलो. सगळ्यांनी बघितलं, म्हातारा खुशीत आहे.

सुपारी फुटल्यावर व्याही पेढ्याचा बॉक्स घेऊन आला. रिवाजच आहे, एकमेकांना भरवायचं. मी हात आडवा केला. म्हणलो, नको, गोड चालत नाही. तो मोकळ्या मनाचा माणूस, त्यानं माझा हात बाजूला सारला. चार लोक बघत होते. "असं कसं तात्या. आज खावंच लागतंय," म्हणला, आणि पेढा माझ्या ओठाला लावला.

मी तोंड उघडलं, आप्पा.